शिवतेजनं दिलेला चुकीचा निकाल

माझा धाकटा भाऊ शिवतेज बैलगाडा शर्यतींचा निवेदक आहे. म्हणजे मैदानाच्या कडेला ट्रॉलीवर बसायचं, माईक तोंडाला लावायचा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोणाची गाडी कुठल्या तासावर, म्हणजे कुठल्या पट्टीत पळतेय, कुठला बैल कोणाचा, कोण पुढं, कोण मागं, हे घसा फुटेस्तोवर सांगायचं. हे त्याला कोणी शिकवलं नाही. वडूजजवळच्या आमच्या गावात तो शाळकरी वयापासून घरातच निवेदन करायचा. आई चुलीपुढं बसली की हा पाटावर उभा राहणार. "आली आली, बनुबाईंची भाकरी तव्यावर आली. उजव्या अंगानं फुगतीया, मंडळी, फुगतीया." आईला हसू आवरायचं नाही आणि भाकरी करपायची. ती करपलेली भाकरी माझ्या ताटात यायची. त्यामुळे निवेदन या प्रकारावर माझा पहिल्यापासून राग आहे.

आमचे आण्णा, मानसिंग, फौजेतून रिटायर होऊन आले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर एक खोंड घेतला. त्याचं नाव गुलब्या. गुलब्या पळायला लागला तशी घरात वेगळीच भांडणं सुरू झाली. कारण माईकवर बसलं की शिवतेजला घर नाही, दार नाही. गुलब्या मागं पडला तर तो तेवढ्याच आनंदानं सांगायचा, की मानसिंगरावांची गाडी आज काही खरी नाही. मग आण्णा जेवताना त्याच्याकडं पाठ करून बसायचे. "माईकवर बसल्यावर गुलब्या आपला न्हाई आण्णा, तो तास नंबर चार," असं हा वर त्यांना समजावणार. एकही निकाल चुकीचा दिला नाही, याचा त्याला भारी गर्व. आरशासमोर उभा राहून स्वतःलाच नमस्कार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बारावीनंतर त्याला ल्युकेमिया निघाला. रक्ताचा कॅन्सर. औषधं झाली, केस गेले, केस आले, हा परत ट्रॉलीवर जाऊन बसला. आम्ही सगळे निर्धास्त झालो. गालावर मांस आलं, आईनं नात्यातल्या मुली बघायला सुरुवात केली, आणि गेल्या वर्षी आजार उलटला. आम्ही रडलो, खोटं कशाला सांगू. शिवतेज मात्र डॉक्टरबाईंना म्हणाला, "सेमीला हरवल्याली गाडी फायनलला परत आली म्हणायची."

मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कामाला असते. म्हणून उपचार सांगलीतच करायचे ठरले. खोलीत सोबतीला एकच माणूस चालणार होतं. आण्णा गप्प बसून नर्सना घाबरवतात, आईच्या डोळ्याचं पाणी खळत नाही, तेव्हा भांडायला तरी उपयोगी पडेल म्हणून मला ठेवलं. माझ्या कपड्यांना कायम हळदीचा वास. अर्फा सिस्टर, तिथल्या नर्स, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगोबाई, आज नवरीच आली ड्युटीवर." तेव्हापासून त्या मला नवरीच म्हणतात. अजून लग्न जमलेलं नाही ते वेगळं.

या वेळी नुसत्या औषधांनी भागणार नव्हतं. औषधांनी त्याच्या हाडांतलं रक्त तयार करणारं सगळं बिघडलेलं बियाणं मारून टाकायचं आणि सख्ख्या भावंडाच्या पेशी आत सोडायच्या, असा बेत होता. माझ्या पेशी त्याच्याशी जुळल्या. जन्मात आमचं दोघांचं कुठल्या गोष्टीवर जुळलं नव्हतं, ते इथं जुळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं नीट झालं तर याचा रक्तगटही तुमचाच होईल.

"म्हंजे मी बी खडूस हुणार?" शिवतेजनं विचारलं.

"त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तो काळ खरोखर मजेत गेला, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. सलाईनच्या स्टँडला दोन बाटल्या टांगलेल्या असायच्या, त्यांची हा शर्यत लावायचा. अर्फा सिस्टर डावीवर, मी उजवीवर. "डावी बाटली संथ हाय पण नेटाची हाय, तिच्या मालकीण अर्फाबाई, राहणार सांगली." सिस्टर डोळा चुकवून डावीचा वेग वाढवायला गेल्या तर हा त्यांना बाद करायचा. आणि पातळ टोमॅटोच्या साराच्या रंगाची माझ्या पेशींची पिशवी त्याच्या नळीला लावली, तेव्हा टकलावर हात फिरवून म्हणाला, "क्रांती मानसिंग यांची गाडी सुटली. मैदान साफ हाय, मंडळी. अंगावर एक केस आडवा यायचा न्हाई."

पुढच्याच आठवड्यात त्याचा आवाज गेला.

आधीच्या जालीम औषधांनी तोंड आतून सोलून निघालं होतं. ओठांपासून घशापर्यंत फोड. थुंकी गिळायची तरी डोळे मिटून घ्यायचा. वर ताप. सिस्टरनी एक पांढरी पाटी आणि पेन आणून दिलं, पाटी स्पिरीटनं पुसायची आणि बोलायचं नाही असं बजावलं. मी डॉक्टरबाईंना बाहेर गाठलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या पेशी रुजल्या की पांढऱ्या पेशी वाढतील, ताप उतरेल, तोंडही भरून येईल. रुजल्या नाहीत, तर मात्र या तापाशी लढायला त्याच्या अंगात काहीच नाही." म्हणजे आता सगळं माझ्या पेशींवर होतं. मी आरशात बघून माझ्याच रक्ताला दम दिला.

आईला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. तिचा फोन आला की मी म्हणायची, झोपलाय. ती म्हणायची, "कवा बी झोपल्यालाच कसा?" मी म्हणायची, औषधानं झोप येते. ती फोन ठेवून द्यायची. तिची ती फोन ठेवण्याची तऱ्हा मला माहीत होती. तिचा विश्वास बसलेला नव्हता.

तेवढ्यात गावची जत्रा आली. शर्यतीच्या दिवशी दुपारी शिवतेजचा दोस्त पप्पूचा फोन. "आक्का, लय वांदं झालंय. बोलावल्याला निवेदक दुसऱ्याच मैदानावर गेलाय. शिवत्याला सांग, एका फोनवर मी मैदान दावतो, दुसरा माईकला चिकटवतो. काकी बी हितंच हायत, त्यांनीच सांगितलंय त्याला लाव म्हणून."

आईनंच पेच टाकला होता. आता झोपलाय म्हणायची सोय नव्हती. मी शिवतेजकडं पाहिलं. त्यानं पाटीवर लिहिलं, "तू बोल."

मी म्हटलं, मरून जाईन पण हे करणार नाही. त्यानं त्याखाली लिहिलं, "मी लिहितो. तू वाच." तापानं लाल झालेले डोळे, आणि त्यात जत्रेतल्या पोराची हाव. मला नाही म्हणता येईना, याचाही मला राग आला.

"शिवतेज सूचना देणार, मी वाचणार," असं मी पप्पूला सांगितलं आणि सुरुवात केली. माझा आवाज म्हणजे एसटी स्टँडवरची घोषणा. "तास क्रमांक दोनवरील गाडी पुढे आहे. प्रेक्षकांनी कृपया मागे सरकावे." मैदानावर हशा पिकलेला मला इथं ऐकू येत होता. शिवतेज झराझरा लिहीत होता, मी दिसेल ते वाचत होते. "वाऱ्याशी पैज लावल्याली जोडी. धुरळ्यातनं बाहेर आली. जोरात बोल गाढवे." हेही मी वाचलं, माईकवर, साऱ्या गावाला. अर्फा सिस्टर मास्कच्या आत हसत भिंतीला टेकल्या. पप्पू म्हणाला, "आक्का, असंच चालू द्या, पब्लिक खूश हाय."

गुलब्या पहिल्या फेरीतला गट जिंकला, सेमी जिंकला. फायनलला पाच गाड्या उभ्या राहिल्या. तीन नंबरला शेजारच्या गावचे नाथाजी, चार नंबरला आमचे आण्णा. शिवतेज उशी सोडून ताठ बसला. झेंडा पडला आणि त्याचं लिहिणं थांबलं. पेन हातात तसंच. मी बिनपाटीची बोलायला लागले. "तीन पुढे आहे. चार पुढे आहे. परत तीन. अरे काय चाललंय हे, दोन्ही पुढे आहेत." माझीही अक्कल गेली होती, मी खुर्चीवर उभी होते. शेवटाला नुसता धुरळा. त्यातून मला जे दिसलं ते मी सांगितलं. "तीन. तास क्रमांक तीन विजयी."

"आगं आंधळे, चार!"

खोलीत क्षणभर कोण बोललं ते कळलं नाही. घोगरा, फाटका आवाज. "चार नंबर हाय. गुलब्या हाय. आण्णा, आपला गुलब्या हाय ओ."

पाटी त्याच्या मांडीवरून खाली पडली. सिस्टर म्हणाल्या, "तू बोललास." तो म्हणाला, "दुकतंय, पण बोलतुय." आणि मी त्या खुर्चीवरच खाली बसून ढसाढसा रडले. तिकडं पप्पूनं फोन आण्णांकडं फिरवला. आण्णांनी गुलब्याला धरलं होतं आणि फौजेत नोकरी केलेला हा माणूस बैलाच्या मानेत तोंड लपवून उभा होता.

निकाल तीन नंबरचाच लागला. झेंडा पंचांनी तीनलाच दिला, व्हिडिओतही तीनच आहे. आयुष्यात पहिल्यांदा शिवतेजनं चुकीचा निकाल दिला, तोही घरच्या बैलाच्या बाजूनं. नाथाजींनी त्या दिवशी स्वतःचा गुलाल आमच्या गुलब्यावर उधळला. माझं बरोबर होतं हे मात्र आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या होत्या. तोंड त्यामुळंच भरून येत होतं. "रुजल्या," त्या म्हणाल्या. शिवतेज घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आमाला कालच कळलं, बाई. साऱ्या गावाला कळलं."

त्यानंतरही बरंच काही झालं. अंगावर पुरळ आलं, पोट बिघडलं, पुन्हा दोनदा भरती व्हावं लागलं. आता तो गावी आहे, तपासणीला सांगलीला येतो, रक्तगट माझा आणि तोंड त्याचंच. पुढच्या जत्रेला मास्क लावून ट्रॉलीवर बसणार म्हणतो.

पप्पूनं त्या फायनलचा आवाज आईच्या मोबाईलवर टाकून दिलाय. ती धार काढायला बसली की तो लावते, रोज. "आगं आंधळे, चार." मी परवा गावी गेले होते, तेव्हा वैतागून म्हटलं, "आई, बंद कर ते. तीन नंबर जिंकला होता. चुकीचा निकाल आहे तो."

आईनं धार थांबवली नाही. "असू दे की," ती म्हणाली. "निकाल चुकीचा का हुईना, आवाज त्याचा हाय."

मोबाईल तिच्या हाताला लांब पडत होता, तो उचलून मीच परत लावला.