मी स्टुलावरून उठले नाही

फॉर्मलिनचा उग्र वास आला की मी पुन्हा पालघरच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसलेली असते. ऑनर्सच्या प्रवेशाची मुलाखत चालू होती.

"मासवणहून रोज येणं तुला झेपायचं नाही. साधी पदवी पुरे," सर म्हणाले.

शेजारी बसलेले बाबा लगेच उठले. "सर सांगतात ते बरोबर हाय. चल."

"तुमी जा बाबा. मी नाय येत." मी स्टूल घट्ट धरून बसून राहिले. शेवटी सरांनी वैतागून प्रवेश दिला.

ऑनर्स पूर्ण झालं तेव्हा तेच सर बाबांना म्हणाले, "मला खात्री होतीच."

"नव्हती, सर," मी म्हणाले.

तेव्हा वाटलं, जरा जास्तच बोलले. आता वाटतं, तेवढं बोलायलाच हवं होतं. बाबा मला गप्प करतील अशी भीती होती. पण ते ताठ उभे राहून सरांकडेच बघत राहिले.