तोडलेल्या झाडांची शिंदी

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं. शिंदीच्या दारूवरच्या करानं सरकारी तिजोरी भरते, म्हणून आमच्या खजुरी गावातल्याच सत्याग्रहींनी ओढ्याकाठची शिंदीची झाडं तोडून आडवी केली.

झाड पडलं तरी रस थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं. आडव्या खोडांतून तो पाझरतच होता. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, खाली मडकी लावली. "वाया कामून घालवायचं?" म्हणाला. अर्धं गाव तांबे घेऊन धावलं.

दुपारच्या उन्हात मडकी फसफसली. "चाख की गं," म्हणत अण्णानं मलाही घोटभर दिली. एरवीची शिंदी आंबटगोड. हिच्यात तुटल्या सालीचा कडूपणा उतरला होता, आणि तो जिभेवरून हलेना. ओढ्यावर एकही पाखरू ओरडत नव्हतं. माझं वाकडं झालेलं तोंड बघून अण्णा मात्र हसायलाच लागला. मला ते हसणं आवडलं नाही.

दिवस मावळायला निजामाचे बंदूकवाले आले. त्यांनी चौकशी केलीच नाही. चावडीपुढं सगळ्या पुरुषांना उभं केलं आणि एकेकाच्या तोंडाचा वास घेतला. ज्याच्या तोंडाला शिंदीचा वास, त्यानं झाडं तोडली. झाला न्याय! खरे तोडणारे शिंदीला शिवतही नव्हते. ते त्याच रांगेत उभे होते, गप्प.

अण्णाला सगळ्यांत आधी बाहेर ओढलं. मी बायकांत पदरानं तोंड दाबून उभी होते.

तो परत आला नाही. ओढ्यावर त्यानं लावलेली मडकी मात्र भरून सांडत राहिली.