देवाशी भांडणारे हात

माझ्या सात वर्षांच्या मुलीचे कान तापात गेले आणि माझी प्रार्थना थांबली. माजलगावातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला शास्त्र वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. ईयोबाची गोष्ट मी कितीदा तरी वाचली होती. निर्दोष माणसावर दुःखं कोसळतात, तरी तो देवाला सोडत नाही, एवढं सांगून मी पुस्तक मिटायचो. मधली पानं, जिथं तो देवाला जाब विचारतो, ती कधी मोठ्यानं वाचली नव्हती. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची.

भेटायला येणारी माणसं चांगलीच होती. मंडळीतले एक वडीलधारे मुलीच्या उशाशी बसून म्हणाले, "कुठं काय चुकलं असंल तर आठवून बघा. पश्चात्ताप करा." बायको चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्या लेकराचं काय चुकावं? पुढच्या रविवारपासून मी वाचायला उभा राहिलो नाही. मुलगी आमच्या हलणाऱ्या ओठांकडं बघायची, काही कळायचं नाही, मग भिंतीकडं तोंड करून बसायची.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, ऐकू येणं आता परत येणार नाही. तिला घेऊन परत निघालो तर सिरसाळ्यात गाडी बंद पडली. भर दुपार होती. समोर एका म्हाताऱ्या चाचांचा पेरूचा गाडा होता. ते मुलीला काही म्हणाले, ती नुसती बघत राहिली. "चाचा, तिला ऐकू येत न्हाई," मी म्हणालो. परक्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगत होतो. बोलता बोलता रडू फुटलं.

चाचांनी गाड्यामागं बसलेल्या आपल्या बायकोच्या खांद्याला हात लावला आणि बोटांनी काही सांगितलं. "ही बी अशीच हाय," ते मला म्हणाले. "ल्हानपणी ताप आल्ता." चाची उठल्या. पेरू दाखवून त्यांनी हातानं एक खूण केली. मुलीनं तशीच केली. मग मीठ. मग तिखट. तिखटाला चाचींनी असं तोंड वेडंवाकडं केलं की मुलगी खळखळून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मला राहवलं नाही. "चाची खुदावर कधी रागावल्या न्हाईत का?" चाचांनी त्यांना खुणांनी विचारलं. त्या माझ्याकडं बघत बराच वेळ हात हलवत राहिल्या. चाचा म्हणाले, "म्हणती, लई भांडले. हात वर करून भांडले. पर दुवा मागायला बी हात वरच करावे लागत्यात, भाऊ. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं."

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो आणि ती मधली पानं वाचली. उपासना संपल्यावर त्याच वडीलधाऱ्यांनी माझा हात धरून ठेवला.

मुलगी आता मूकबधिर मुलांच्या शाळेत जाते, आम्ही दोघं तिच्याकडून खुणा शिकतो. तिच्याच वाट्याला हे का, मला आजही ठाऊक नाही. ईयोबालाही कारण कुणी सांगितलं नाही; देव त्याच्याशी बोलला, एवढंच. सिरसाळ्यात त्या पेरूच्या गाड्यापाशी मलाही तेवढं मिळालं, आणि ते पुरेसं आहे असं आता मनापासून वाटतं.

परवा जेवायच्या आधी मुलीनं विचारलं, देवाला आपल्या खुणा कळतात का? मी मान डोलावली. तिनं डोळे मिटले आणि भराभर हात हलवत खूप काही सांगितलं. मला त्यातलं फारसं कळलं नाही. ते मला सांगितलेलं नव्हतंच.