मिस्त्रींचा अंगठा

एसी दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रींना त्यांच्या धंद्यातले लोक अंगठामिस्त्री म्हणत. दुसरा कोणी असता तर असल्या नावावरून भांडला असता, पण आमचे मिस्त्री ते ऐकलं की खुलत. नाव कष्टाने कमावलेलं होतं.

एसीच्या बाहेरच्या पेटीला गॅस भरण्यासाठी पितळेचं लहानसं तोंड असतं. स्कूटरच्या टायरमध्ये हवा भरतो तिथे असते तशीच बारीक पिन त्या तोंडात बसवलेली असते. ती झिजली की गॅस गळायला लागतो. पिन बदलायची तर आधी रीतसर सगळा गॅस काढून घ्यावा, नाहीतर पिन काढायचं खास टूल लावावं. मिस्त्रींना दोन्हींचा कंटाळा. ते सरळ पिन फिरवून उपटत, गॅस फुसकन उसळला की तोंडावर अंगठा दाबत, दुसऱ्या हाताने वरच्या खिशातली नवी पिन काढत आणि पापणी लवायच्या आत ती जागेवर बसवत. हा खेळ बघायला बाकीचे मिस्त्री हातातली कामं टाकून येत. फुसफुस थांबली की काम झालं, एवढंच मिस्त्रींचं शास्त्र होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

पण गॅस काही कोणाचा मिंधा नसतो. एका गच्चीवर तो असा काही गारठून उसळला की मिस्त्रींचा अंगठा मेणासारखा पांढरा पडला. फोड आले, कातडी गेली, नवी आली. संवेदना मात्र आली नाही. अंगठा होता, पण असून नसल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. पण पुन्हा तिथेच असं गारठ्याने भाजून घेतलंत, तर मग माझ्याकडे येऊ नका, काही करता येणार नाही."

आता यात एवढं काय, असं कोणाला वाटेल. तर त्या अंगठ्याला घरीही एक काम होतं, आणि खरं सांगायचं तर तेच मोठं काम होतं. मिस्त्रींची बायको शिवणकाम करायची. काज, बटणं, तुरपाई यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. पण जवळचं दिसेनासं झाल्यापासून चष्मा लावूनही तिला सुईचं नेढं सापडत नसे. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी मिस्त्री दारातल्या उजेडात बसून तिच्या सुया ओवून देत. पांढऱ्या दोऱ्याच्या, काळ्या दोऱ्याच्या, निळ्या दोऱ्याच्या, आणि एकेक करून तिच्या छोट्या उशीत टोचून ठेवत. नवराबायकोची भांडणंही त्याच वेळात होत आणि समेटही तिथेच उरकत.

आता दोरा चिमटीत आहे की निसटला, हेच मिस्त्रींना कळेना. सुई हातात, दोरा जमिनीवर. बायको म्हणायची, "राहू द्या हो, आज सगळं मशीनचंच काम आहे." आणि तिच्या मागे तुरपाईच्या कपड्यांचा ढीग लागलेला. मग एक दिवस मिस्त्री दुपारी अवचित घरी आले, तर शेजारची सूनबाई दारातल्या त्यांच्या जागेवर बसून सुया ओवत होती. मिस्त्री बाजूने आत गेले. पाणी प्यायले आणि निघून गेले. त्यांना फार वाईट वाटलं. भाजलं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

"टूल घेतो," संध्याकाळी ते म्हणाले.

बायकोने कात्री खाली ठेवली. "मी पण येते."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला तरी काय कळतं? आजवर हातात धरलंय कधी?"

मग दोघं मिळून टूलच्या दुकानात गेली.

मिस्त्रींनी भंगारातल्या एका पेटीचं पितळी तोंड पिनेसकट कापून खिशात घातलं होतं. दुकानदार त्यांना ओळखून होता. त्याने आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग अंगठ्याकडे, आणि काही न विचारता तीन टूलं काउंटरवर मांडली. टूल म्हणजे साधारण वीतभर नळी. तिचं पुढचं टोक पेटीच्या तोंडावर आवळायचं, मागून एक दांडी आत सरकवायची, दांडीच्या टोकाने पिन पकडून फिरवायची, ओढून मागे घ्यायची आणि मधली तोटी बंद करायची. गॅस आतल्या आत राहतो. नवी पिन त्याच वाटेने आत जाते.

पहिलं टूल निळंशार, चकचकीत, आणि पिन आत आली का ते दिसायला काचेची इवलीशी खिडकी. मिस्त्री बघताक्षणी पाघळले. "हेच घेऊ. आतलं सगळं दिसतंय बघ."

"बघून करणार का तुम्ही काम?" बायको म्हणाली. "पेटी भिंतीला खेटून असते, हात घालायला जागा नसते, म्हणून रोज घरी येऊन कुरकुर कोण करतं? डोळे मिटा आणि करून दाखवा. त्याच हाताने."

भर दुकानात डोळे मिटून उभं राहायचं मिस्त्रींच्या जिवावर आलं, पण खिशातलं पितळी तोंड टूलला आवळून ते राहिले. दांडी फिरवली, ओढली, आणि पिन टणकन फरशीवर पडून कपाटाखाली गेली. दुकानदार तिच्यामागे रांगत गेला. डोळे मिटलेले मिस्त्री विचारत राहिले, "निघाली का?"

दुसरं टूल हलकं, हाताळायला सोपं. बायकोने त्यावरून सहज आपल्या पिशवीचा बंद फिरवला, तर तोटी आपोआप उघडली. "बाही लागली तरी उघडेल हे," ती म्हणाली, आणि ते बाजूला सारलं.

तिसरं बोजड होतं. ना रंग ना रूप. पण त्याची तोटी घट्ट होती आणि तिचा दांडा लांब. तो नळीच्या रेषेत असला की उघडी, आडवा असला की बंद, अंधारातही चाचपून कळावं असं. पिन पकडायला टोकाशी रबराची पकड होती. मिस्त्रींनी पुन्हा डोळे मिटले. दांडी फिरवली. अंगठ्याला काही कळलं नाही, पण तळहाताला एक बारीकसा झटका बसला.

"सुटली," ते म्हणाले.

बायको टूलकडे बघत नव्हती, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. "हे द्या," तिने दुकानदाराला सांगितलं. "पण सगळ्या पेट्यांना बसेल ना? आमच्याकडे एका मशीनची सुई दुसऱ्याला चालत नाही."

दुकानदाराने मुकाट्याने खणातून मोठ्या तोंडासाठी लागणारा जोड काढून दिला. "काकू, तुम्ही बसा दुकानावर, मी घरी जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केस कापायच्या एका दुकानातून बोलावणं आलं. एसीची पिनच गळत होती. मिस्त्रींनी मागच्या बोळात जाऊन नवीन टूल लावलं, झिजलेली पिन ओढून काढली, तोटी बंद केली. सगळं इतकं निमूट झालं की त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. दांडीवरची जुनी पिन काढून टाकतात तेवढ्यात न्हाव्याने चहाला हाक मारली. चहा झाला, गप्पा झाल्या, नव्या टूलचं कौतुक झालं. मिस्त्री परत बोळात आले. पेटीजवळ कान नेला. फुसफुस नाही. म्हणजे काम झालं. सगळा जन्म हेच शास्त्र पाळलेला माणूस, त्याने निवांत मनाने टूल पेटीवरून सोडवायला घेतलं.

नवी पिन अजून वरच्या खिशातच होती.

गॅस असा उसळला की अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक फेसासकट बोळात धावत आलं. मिस्त्रींचा अंगठा सवयीने तोंडाकडे झेपावला होता. दाबला असता तर गॅस वाचला असता आणि नावही राहिलं असतं. पण पांढऱ्या वाफेच्या अगदी जवळ आल्यावर मिस्त्रींना दारातला उजेड दिसला आणि त्यात बसलेली शेजारची सूनबाई दिसली. त्यांनी अंगठा ओढून काखेत दाबून धरला आणि सगळा गॅस जाईपर्यंत तसेच भिंतीला टेकून उभे राहिले.

"मिस्त्री, तुमचा अंगठा कुठे गेला?" न्हाव्याने विचारलं.

"रजेवर आहे," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी चूक कबूल केली, या वेळी पिन बसवून दोनदा तपासली, आणि आपल्या सिलिंडरमधून पेटी पुन्हा भरून दिली.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाच्या फेसासकट. बायको हसून हसून लाल झाली. मग एकदम थांबून म्हणाली, "आणि अंगठा?"

"काखेत धरला होता."

शिवणाच्या डब्यातून तिने बोटात घालायची जुनी धातूची टोपी काढली आणि मिस्त्रींच्या अंगठ्यावर चढवून बघितली. थोडी घट्ट बसली. "कपड्यात एक जरी टाचणी असली, तरी मी ही बोटातून काढत नाही," ती म्हणाली. "म्हणून माझ्या हातच्या कपड्यात कोणाला कधी टाचणी टोचली नाही. तुम्ही पण तसंच करा. पिन पेटीबाहेर आली की टोपी अंगठ्यावर. पिन आत गेली की टोपी खिशात. कानावर आता भरवसा ठेवू नका."

धंद्यात या टोपीवरून व्हायची ती थट्टा झाली. आधी टोपीमिस्त्री, मग शिंपीमिस्त्री. मिस्त्री आपले टोपी घालून चहा पीत आणि मध्येच तिच्याकडे बघून, "अरे हो, पिन राहिलीय," म्हणत उठून जात. पिन मागे राहिली असं पुन्हा कधी झालं नाही.

सकाळी ते दारात बसणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. सुई घ्यायची, दोरा घ्यायचा, दोरा पडायचा, पुन्हा उचलायचा. बायको पाठ करून काहीतरी आवरत असायची, कारण तिला ते बघवत नसे. सूनबाई मागाहून यायची ती येतच होती.

अशाच एका सकाळी मिस्त्रींनी, "आई गं," म्हणून हात झटकला. सुई जमिनीवर पडली.

"काय झालं?" बायको वळली.

"टोचली."

"कुठे?"

मिस्त्रींनी अंगठा पुढे केला. त्यावर रक्ताचा अगदी बारीक थेंब होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. मग बायको जवळ येऊन बसली, उशीतली दुसरी सुई काढली आणि हलकेच त्याच अंगठ्याला लावली.

"ही?"

"अगं, टोचतेय ना."

तिने पदराने डोळे पुसले आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मग बसलात काय नुसते? ओवा. आधी पांढरा. आणि जाता जाता शेजारी सांगा, सूनबाईला म्हणावं, आता येऊ नकोस."