पक्ष्यांचा कॅमेरा आणि आई

माझ्याकडे दोन जुने डीएसएलआर कॅमेरे आहेत. ‘आता मोबाइलच घे ना’ म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. एक धडाधड फोटो काढतो, तो मी आरेच्या जंगलात पक्ष्यांसाठी नेतो. दुसरा महासंथ, पण चेहऱ्याचा रंग असा टिपतो की बघत राहावं. म्हणून आईचा फोटो त्यानेच काढायचा ठरवला.

आई ठेवणीतली साडी नेसून खिडकीपाशी बसली. कॅमेऱ्याने फोकस लावेपर्यंत तिचं हसू संपलं आणि चेहरा आधार कार्डावरचा झाला. पाच वेळा तेच. शेवटी मी पक्ष्यांचा कॅमेरा उचलला. तोवर तीही वैतागली होती. गॅसवर दूध ठेवलंय, तुझे खेळ कधी संपणार, म्हणत बोट नाचवून मला झापायला लागली. मी बटण दाबूनच ठेवलं. दहा फोटो आले, दहाही ओरडतानाचे.

दूध उतरवून आल्यावर तिने सगळे नीट पाहिले आणि एक निवडला.

“हा मोठा करून ठेव. मी गेल्यावर हार घालायला.”

“अगं, यात तू ओरडतेयस.”

“मग? तेव्हा तुला दुसरं कोण ओरडणार आहे?”