निरोगी बाई पाहिजे

“मले काई झालं नाई, तं मी फॉर्म कावून भरू?” झेंडू तोडता तोडता रेखाताईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी अमरावतीत एका संशोधनात फील्ड इन्व्हेस्टिगेटर आहे. पन्नाशीच्या आतल्यांना कॅन्सर जास्त का व्हायला लागलाय, ते आम्ही शोधतो. पेशंट म्हणजे ‘केस’. प्रत्येक केसमागे त्याच वयाचं, त्याच गावचं निरोगी माणूस लागतं. ते ‘कंट्रोल’. दोघांचं खाणंपिणं, काम, सवयी ताडून बघायच्या. पेशंट भरभरून बोलतात. निरोगी माणसांना मात्र वेळ नसतो.

अंजनगाव सुर्जीजवळच्या या गावात माझी केस होती वंदनाताई. वय पस्तीस. आतड्याच्या कॅन्सरमधून बरी होऊन पुन्हा वांग्याच्या वावरात उभी. कंट्रोल व्हायला चार बायकांनी नकार दिला होता. अकोल्याच्या आमच्या डॉक्टर मॅडमनी फोनवर सांगितलं, “महिनाअखेरपर्यंत कंट्रोल मिळाली नाही, तर ही केस सोडावी लागेल.”

शेवटी वंदनाताईच मला शेजारच्या वावरात रेखाताईंकडे घेऊन आली. “भर ना व रेखा. माह्या बिमारीचं कारण कोनाले तरी सापडू दे.”

रेखाताई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसल्या. तासभर हसतखेळत उत्तरं दिली. शेवटच्या पानावर मी विचारलं, “शौचावाटे रक्त जातं का?”

“जाते कधी कधी. चार मयने झाले. मूळव्याध असन.”

वंदनाताई गंभीर झाली. “मले बी तसंच वाटलं होतं.”

मी मॅडमना फोन लावला.

“कंट्रोल म्हणून बाद,” त्या म्हणाल्या. “आणि उद्याच त्यांना अकोल्याला घेऊन या.”

“म्हंजे नापास झाली का मी?” रेखाताईंनी विचारलं. “उद्या तं जमत नाई. बाजार हाये.”

“तुहे फुलं मी इकते,” वंदनाताई म्हणाली. “तू जाय.”

अकोल्यात कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासलं. आत एक पॉलिप निघाला. हा मांसाचा छोटा कोंब, राहू दिला तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. डॉक्टरांनी तो तिथेच काढला. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. रेखाताईंनी तो मला दोनदा वाचायला लावला आणि वंदनाताईला फोन करून तिसऱ्यांदा.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्या जावेला धरून आणलं. मला कंट्रोल मिळाली.

रक्ताचा प्रश्न आता पहिल्या पानावर आहे. निरोगी माणूस कोण, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. एवढं पटायला आमच्या संशोधनाच्या कमिटीला तीन मीटिंगा लागल्या.