सातच्या पाळीचे क्लिक

कृष्णराव मिलमध्ये टाइमकीपर होते, आणि मिल बंद पडून सोळा वर्षं झाली तरी ते टाइमकीपरच होते. इंदूरच्या सुदामा नगरातल्या त्यांच्या घरी दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला की ते त्याच्याकडे असं काही बघत, की तो बिचारा दुधात पाणी घातल्याचं आपणहून कबूल करून मोकळा होई. वीस वर्षं त्यांनी गेटवर बसून माणसं आत घेतली होती. सातचा भोंगा, वर दहा मिनिटांची सवलत. त्यानंतर येणाऱ्याची अर्धी हजेरी लाल पेन्सिलीनं कापली जाई, मग तो व्याही का असेना.

मिल गेली आणि पाठोपाठ देशात सगळं खुलं झालं. कृष्णरावांसाठी एक एसटीडी बूथ खुला झाला आणि घरोघर मोबाइल आल्यावर बंदही झाला. मग त्यांनी पाण्याचे फिल्टर विकून पाहिले. शेवटी २००७ साली मुलगी पूर्वा नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि जाताना आपला कॉम्प्युटर आणि एक नवा धंदा वडिलांच्या गळ्यात बांधून गेली.

धंदा असा, की अमेरिकेतली एक कंपनी कारखान्यांना हजेरीची पंचिंग घड्याळं विकते. कृष्णरावांनी त्या घड्याळांची जाहिरात इंटरनेटच्या सर्चवर लावायची. कोणी घड्याळ शोधलं की जाहिरात दिसणार. तिच्यावर क्लिक झालं की पैसे कृष्णरावांचे जाणार, आणि क्लिक करणाऱ्यानं घड्याळ घेतलंच तर कंपनी कमिशन देणार. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी हे दोनदा समजून घेतलं.

"म्हणजे दुकान त्यांचं, माल त्यांचा, आणि गिऱ्हाईक नुसतं डोकावून गेलं तरी भुर्दंड तुम्हाला?"

"तसंच म्हणायचं."

"वा," म्हणाल्या आणि कणीक मळायला निघून गेल्या.

भानुमतीबाईंचे धाकटे भाऊ जयसिंगराव महूला लष्करी गणवेशांचं दुकान चालवत. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, हे ते बुटांच्या लेस विकतानाही सांगत. त्यांना गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवा होता. "दाजी," ते म्हणाले, "अनंत चतुर्दशीपर्यंत तुमचं एक घड्याळ विकलं गेलं तर मी परत विषय काढणार नाही. नाहीतर बोरिया-बिस्तर बांधा आणि ताईला घेऊन महूला चला." कृष्णराव हो म्हणाले खरे, पण मेहुण्याच्या गल्ल्यावर बसून जन्मभर ते घोडदळ ऐकायचं, हे त्यांना नको होतं. शिवाय इंदूर सोडायचं. मिल गेली तरी मिलची माणसं इथे होती.

आणि त्या माणसांनीच घोटाळा केला. इंदूरच्या मिलांचे भोंगे कधीच थांबले, पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलांच्या झांक्या, ते दिव्यांनी लखलखणारे देखावे, अजून निघतात. त्यासाठी जुने कामगार जुलैपासूनच जमतात. त्या वर्षीच्या बैठकीत कृष्णरावांच्या तोंडून निघून गेलं, की आपली जाहिरात आता जगभर लागते. मोठ्या हौसेनं त्यांनी शोधायचे इंग्रजी शब्द चिठ्ठ्यांवर लिहून वाटले. सूतखात्यातला जुना जॉबर पांडुरंग, म्हणजे पंचवीस माणसं हाताखाली नाचवणारा गडी, त्यानं विचारलं, "साहेब, किती लोकांनी आत यायला पाहिजे?"

"जितके येतील तितके चांगले," कृष्णराव म्हणाले. छाती फुगली की माणसाला हिशेब सुचत नाही, हेच खरं.

दुसऱ्या दिवसापासून क्लिक सुरू झाले. जाहिरातीमागे पूर्वानं एक पान बनवून दिलं होतं आणि त्यावर कोण किती वाजता आलं ते नोंदलं जाई. कृष्णराव ते मस्टरसारखं वाचत. बावीस माणसं सकाळी, अठरा दुपारी. रोज. एकानंही घड्याळ घेतलं नाही. दिवसाच्या खर्चाची जी हद्द त्यांनी ठरवली होती ती दुपारीच संपे, आणि मग जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब होई. अमेरिकेत कारखाने उघडतात आपल्या संध्याकाळी. म्हणजे खरं गिऱ्हाईक दारात येई तेव्हा कृष्णरावांचं शटर पडलेलं असे.

"रविवारी कोणी येत नाही बघ," ते भानुमतीबाईंना कौतुकानं म्हणाले. "अमेरिकन माणूस शिस्तीचा."

पंधरा ऑगस्टला एकही क्लिक आला नाही.

अमेरिकन माणूस कितीही शिस्तीचा असला तरी तो पंधरा ऑगस्टची सुट्टी का घेईल? कृष्णरावांनी चष्मा पुसला आणि महिन्याभराच्या नोंदी पुन्हा वाचल्या. सकाळचे सगळे क्लिक सहा-पंचावन्न ते सात-दहा. दुपारचे दोन-पंचावन्न ते तीन-दहा. पहिली पाळी, दुसरी पाळी, दहा मिनिटांची सवलत. आणि आठवड्यातून दोनदा, बाकी सगळे आत आल्यावर, तीन-बाराला एकटा एक जण.

"हा दिनानाथ," कृष्णराव मोठ्यानं म्हणाले.

वीस वर्षं दिनानाथ दोन मिनिटं उशिरा आला होता आणि वीस वर्षं त्यांनी त्याची हजेरी कापली होती. त्यांचे डोळे भरून आले. परदेशीपुऱ्यातल्या सायबर कॅफेत, पोराच्या दुकानात, कोणाच्या पुतण्याच्या ऑफिसात, चाळीस माणसं साहेबाच्या नव्या गेटवर हजेरी लावत होती. आणि त्यांचं हे प्रेम साहेबाला सरळ महूला पोचवणार होतं.

येऊ नका, असं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सोळा वर्षांपूर्वी गेटवर टाळेबंदीची नोटीस चिकटवली होती ती कृष्णरावांनीच. त्याच माणसांना परत तेच सांगायला जीभ रेटेना. पंधरा दिवस ते क्लिकचे पैसे भरत राहिले. मग त्यांनी पूर्वाला फोन केला, आणि जाहिरात कुठे दाखवू नये त्या यादीत इंदूर घातलं. बटण दाबताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सात-वीसला फाटकाशी सायकली आणि लूना येऊन उभ्या राहिल्या. पुढे पांडुरंग.

"साहेब, सबेरेपासून सर्च मारतोय, जाहिरातच नाही. फिर से ताला लागला का?"

मागे दहा-बारा चेहरे. कृष्णरावांना हे चेहरे असेच आठवत होते, नोटीस वाचणारे. मग मात्र ते एका दमात सगळं बोलले. प्रत्येक क्लिकचे पैसे, दुपारी पडणारं शटर, महूचं दुकान, घोडदळ, सगळं.

पांडुरंगानं टोपी काढून डोकं खाजवलं. "बताओ. आणि मी तर नागद्याच्या मिलवाल्यांना तिसरी पाळी द्यायच्या विचारात होतो."

"मला तर बरेचदा गेट बंदच मिळायचं," मागून दिनानाथ म्हणाला. "म्हटलं, साहेब अजून कडक आहेत."

आधी भानुमतीबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळे हसले, आणि सगळे हसले म्हणून चहा टाकावा लागला. चहा प्यायलेली माणसं दुसऱ्या दिवशीही आली, सहा-पंचावन्नला. हजेरीची सवय लागली होती, ती कुठेतरी लावायला हवीच होती. कृष्णरावांनी माळ्यावरून एक कोरं मस्टर काढलं. भानुमतीबाईंनी मोठं पातेलं काढलं आणि साखरेवरून रोज दोन शब्द सुनावायला सुरुवात केली.

घड्याळ काही विकलं गेलं नाही. अनंत चतुर्दशीच्या सकाळी जयसिंगराव जीप घेऊन हजर झाले, आणि बहिणीच्या अंगणात तीस माणसं बशीतून चहा पिताना बघून दारातच थबकले.

"दाजी, सामान?"

"मस्टर पूर्ण करतो आणि आलोच," कृष्णराव हळू आवाजात म्हणाले, आणि शेवटचं म्हणून कॉम्प्युटर उघडून बसले. मग उठलेच नाहीत. भानुमतीबाई बघायला आत गेल्या. पडद्यावर एकच ओळ होती: ओहायोतल्या एका लाँड्रीनं रात्री एक घड्याळ घेतलं होतं.

"एक?" जयसिंगराव म्हणाले.

"तू एकच म्हणाला होतास," भानुमतीबाई म्हणाल्या. "आता चहा घे आणि रांगेत बस."

अंगणात बातमी पोचली. पांडुरंगानं काळजीनं विचारलं, "साहेब, तिकडे त्या लाँड्रीत टाइमकीपर असेल ना?"

"नसेल. घड्याळ आलं की माणूस लागत नाही."

"मग उशीर झाला तर सांगायचं कोणाला?"

तेवढ्यात फाटक वाजलं आणि दिनानाथ सायकल ढकलत आत आला. घड्याळात सात-बारा झाले होते. सगळे लाल पेन्सिलीकडे बघू लागले. कृष्णरावांनी ती उचलली, कानामागे खोचली, आणि निळ्या पेननं दिनानाथच्या नावापुढे पूर्ण दिवस मांडला.

"साहेब, मी दोन मिनिटं लेट आहे," दिनानाथ म्हणाला.

"दिसतंय मला," कृष्णराव म्हणाले. "बस, चहा निवतोय."